मागून म्हणणारी वस्ती

बाबाराव मास्तरांचा इंग्रजांवर राग होता, आणि स्वराज्य येऊन पंधरा वर्षं झाली तरी तो उतरला नव्हता. कारण मात्र निराळं होतं. ज्या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य केलं, रेल्वे काढली, तारायंत्र आणलं, त्यांना चार क्रियापदं जास्तीची करायला काय धाड भरली होती? आता हे 'टेक'च बघा. औषध घ्यायचं, टेक. रोग्याला आत न्यायचं, टेक. खुर्चीत बसायचं, टेक. नाडी बघायची, टेक. पायातली चप्पल काढायची, तिथंही टेक, फक्त शेपटाला एक 'ऑफ' बांधायचा. एकच टोपलं, त्यातच भाकरी न्यायची, त्यातच शेण, आणि त्यातच लेकरू निजवायचं. मास्तरांच्या जुन्या डिक्शनरीत या एका शब्दाखाली मुंग्यांची रांग लागावी तशी बारीक अक्षरं लागली होती, आणि ती वाचता वाचता मास्तरांच्या कपाळाची शीर उडायची.

"कोण्या मुलखाचे लोक हे!" ते जेवताना ओरडले. "बसणं अन् नेणं अन् घेणं, सारं एकच!"

रुखमाबाईंनी ताटात पिठलं वाढलं. त्यांना नवऱ्याचा आवाज चढला की मजा वाटायची.

"अन् आपलं घेनं काय मोठं सरळ हाय जी? तुमी पोट्ट्याईले फैलावर घेता. माहं बोलनं मनावर घेता. अन् सहा वर्साआंधी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, थे काय थैलीत घेतली होती?"

मास्तरांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला. बायकोचं बरोबर असलं की त्यांना जेवण गोड लागत नसे.

हा सगळा वैताग होता डोमाजीच्या कौसल्यासाठी. डोमाजी पांढरकवड्याच्या जिनिंगात हमाली करायचा, पाठीवर कापसाची बोंदरी वाहायचा. बायको वारलेली, एकुलती एक पोरगी. पोरगी नववीपर्यंत शिकलेली आणि तिच्या डोक्यात नर्स व्हायचं शिरलेलं. यवतमाळच्या एका दवाखान्यात मुलींना नर्सचं काम शिकवायचे, राहणं-खाणं तिथंच, वर महिन्याला थोडे पैसे हातात. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की ज्या मुलीची निवड होईल तिला त्याच दिवसापासून ठेवून घेण्यात येईल. अंथरूण, ताट आणि तांब्या सोबत आणावा. पण मुलाखत घेणारी मेट्रनबाई दक्षिणेकडची. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. तिचा सारा कारभार इंग्रजीत.

दुसरीकडे फुलसावंगीचे पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले होते. मुलगा वाईट नव्हता, घरची चार एकर जमीन होती. डोमाजी म्हणाला, "मास्तर, एकडाव जाऊ द्या पोरीले. नाई झालं, त मंग फुलसावंगीवाल्याईले हो म्हनतो. तिले मी किती दिस घरात ठेवू?" त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. मास्तरांनीच चारचौघांत छातीवर हात मारून शब्द दिला होता, "डोमाजी, पोरगी पास होईल. माझ्यावर सोड." आता तो शब्द त्यांच्या मानेवर बसला होता.

शिकवणी कुठं घ्यायची हा पहिला प्रश्न. वयात आलेली मुलगी मास्तरांच्या घरी एकटी कशी येणार? डोमाजीच्या खोपटात दोघंजण बसले तर तिसऱ्याला उभं राहावं लागे. म्हणून विहारात बसायचं ठरलं. विहार म्हणजे वस्तीनं स्वतः विटा वाहून बांधलेली एक लांबट खोली. तिथं मोठा कंदील होता, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि संध्याकाळी वंदनेला सारी वस्ती जमायची, तेव्हा कोणाच्या बोलण्याला जागा नव्हती. वंदना झाली की लोक उठून जातील, मग मास्तर शिकवतील, असा हिशेब.

लोक उठले नाहीत.

इथं थोडं मागचं सांगावं लागतं. दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीत त्रिशरण-पंचशील कोणालाच धड येत नव्हतं. पाली शब्द, जीभ वळेना. मास्तरांनी स्वतः पाठ केलं आणि मग वस्तीला धरून बसवलं. त्यांचा नियम एकच होता: "मी म्हटलं की हात जोडून मागून म्हणायचं. अर्थ समजो न समजो. आधी जीभ वळू द्या, डोकं मागाहून येईल." जो पुटपुटेल त्याला ते सगळ्यांदेखत झापायचे. अर्ध्या वस्तीची बाळंतपणं केलेल्या म्हाताऱ्या तानाबाईलाही त्यांनी सोडलं नव्हतं. वर्षभर घसा फोडून त्यांनी वस्तीला अशी सवय लावली, की विहारात मास्तर समोर उभे राहून एक ओळ बोलले की सगळ्यांचे हात आपसूक जोडले जायचे आणि ती ओळ छपराला जाऊन भिडायची. त्या वेळी मास्तरांना याचा मोठा अभिमान वाटला होता.

पहिल्या संध्याकाळी मास्तर कौसल्याकडे बघून म्हणाले, "टेक म्हणजे घेणे."

"टेक म्हणजे घेणे!" वस्ती गरजली.

"अहो, तुम्ही नाही. ती एकटी."

मागच्या रांगेतल्या दोघांनी तेही म्हटलं.

मास्तरांनी लोकांना समजावलं, की बाप्पा, ही वंदना नाही, इंग्रजी आहे. लोकांनी माना डोलावल्या. मास्तर वळले, "टेक द मेडिसिन" म्हणाले, आणि पाठीमागून "टेक द मेडिसिन!" असा आवाज आला की बाहेरचं कुत्रं उठून पळालं. मास्तरांनी दार लावून पाहिलं, तर लोक आतच होते. लोकांना बाहेर काढून पाहिलं, तर खिडकीतून म्हणू लागले. शेवटी त्यांनी तानाबाईला गाठलं, कारण ती उठली असती तर बाकीचे उठले असते.

"तानाबाई, तुले इंग्रजी शिकून कुठं जायचं आहे? घरी जाऊन निज ना."

"काहून जाऊ?" तानाबाईनं मांडी आणखी पक्की घातली. "शिका, शिका म्हनून तूच वरडत होतं न गा? मंग शिकून राह्यलो, त आता हाकलतं?"

 कोंडीत सापडले की मास्तर डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालायचे, तशी त्यांनी घातली.

सगळ्या वस्तीत तोंड बंद असलेला माणूस एकच, आणि तो नेमका पोरीचा बाप. डोमाजी दाराजवळ भिंतीला पाठ टेकून बसायचा, दिवसभराच्या वझ्यानं वाकलेला, आणि एक अक्षर बोलायचा नाही. वंदना तेवढी म्हणायचा. इंग्रजी सुरू झालं की ओठ मिटून घ्यायचा. मास्तरांना त्याचाही राग यायचा. ज्यांचा संबंध नाही ते बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि ज्याची मुलगी तो बसलाय तोंडात मिठाची गुळणी धरून!

पण खरी डोकेदुखी कौसल्याच होती. पोरगी हुशार होती. अर्थ विचारला की सांगायची, आज शिकवलेलं उद्या विसरायची नाही. पण तीही याच विहारात वाढलेली. मास्तर म्हणाले, "टेक द लॅम्प आउटसाइड," की ती उठायची, हात जोडायची, स्पष्ट खणखणीत आवाजात म्हणायची, "टेक द लॅम्प आउटसाइड." आणि त्यानंतरच कंदील उचलून बाहेर न्यायची.

"मागून म्हणू नको!" मास्तर कावले. "सांगितलं की कर. नाहीतर 'यस मॅडम' म्हण. ती मेट्रन काय वंदना घेणार आहे?"

"मागून म्हनू नको..." कौसल्यानं जीभ चावली. "मास्तर, मी काय करू? म्हनल्याशिवाय माहे हातच हालत नाई. तोंडातून गेलं की मंग डोक्यात शिरते."

"अगं, तिथं शहरातल्या मुली येतील फाडफाड बोलणाऱ्या, अन् तू तिथं राघूवानी बोलशील! हाकलून देईल ती तुले!"

मास्तरांनी सारे उपाय केले. तिच्या तोंडात सुपारी ठेवून पाहिली. हात पाठीमागे धरायला लावले. एकदा तर रागाच्या भरात म्हणून गेले, "तुले नर्स व्हायचंच कायले? फुलसावंगीले सुखानं नांद."

कौसल्या तेव्हा खाली बघत होती. ती म्हणाली, "माय दवाखान्यात होती तवा डॉक्टर तिच्या खाटेजवळ उभा राहून काहीतरी बोलला. आमाले कोनालेच नाई समजलं. बाबा मले इचारे, मी बाबाले इचारो. सकाळी माय गेली. तो काय बोलला होता, थे मले समजाले पाह्यजे होतं."

विहारात त्या दिवशी ही एकच गोष्ट कोणी मागून म्हटली नाही. डोमाजी दाराबाहेर बघत होता. मास्तरांना आपल्या बोलण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ते दुसऱ्या दिवशी आणखीच चिडचिडे झाले.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी डिक्शनरीतलं उरलंसुरलं आटपायला घेतलं. टेक केअर, काळजी घेणे. टेक टाइम, वेळ लागणे. टेक लीव्ह, निरोप घेणे. वस्तीनं एकेक म्हणून टाकलं. 'टेक लीव्ह'शी तानाबाई थांबली.

"मास्तर, निरोप कोन घेते? जानारा का राह्यनारा?"

"जाणारा."

"मंग राह्यनाऱ्यानं काय कराव?"

मास्तरांचा घसा बसला होता.  "राहणाऱ्यानं गप्प बसावं!" ते ओरडले. "तानाबाई, राहणाऱ्यानं तोंड बंद ठेवून गप्प बसावं. ऐका सगळे. उद्या मी, डोमाजी अन् कौसल्या, तिघंच जाऊ. बाकी कोणी येणार नाही."

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर सारी वस्ती उभी होती. नवी लुगडी, धुतलेली धोतरं, कोणाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर. तानाबाईनं कौसल्याचं अंथरूण स्वतः बांधलं होतं. मास्तर काही बोलणार तेवढ्यात गावातल्याच सरदार नावाच्या ड्रायव्हरनं आपला ट्रक आणून उभा केला. सरदारची आई आणि तानाबाई जुन्या मैत्रिणी.

"मास्तर, सरकी आनाले यवतमाळले जाऊन राह्यलो, गाडी खाली हाय. इतक्या लोकाईले एस.टी. घेनार हाय का? बसा सारे."

मास्तरांनी ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून सर्वांना बजावलं, "दवाखान्यात तोंड उघडायचं नाही!"

"दवाखान्यात तोंड उघडायचं नाही!" वस्तीनं म्हटलं. मास्तर खाली उतरून पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि यवतमाळ येईपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर शहरातल्या मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. वस्ती भिंतीच्या कडेला, मुलाखतीच्या खोलीच्या खिडकीखालीच ओळीनं बसली, कारण सावली तेवढीच होती. उन्हाळ्यामुळं खिडकी सताड उघडी. मास्तर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. आत मेट्रनबाई दिसत होती: उंच, सावळी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आवाज एका टोकाच्या खाटेवरून दुसऱ्या टोकाला पोचेल असा. शेजारी एक म्हातारे डॉक्टर खुर्चीत रेलले होते.

कौसल्याच्या आधीची मुलगी यवतमाळचीच, इंग्रजी फडफड. मेट्रनबाई बोलली, मुलगी "यस मॅडम" म्हणाली आणि लगबगीनं जाऊन कपाटातून पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं घेऊन आली.

"मैंने क्या बोला था?" मेट्रनबाई कडाडली. "ट्रे अंदर लेके जाओ बोला! यस, यस, सब यस बोलती, और करती दूसरा!"

मुलगी रडत बाहेर आली. मास्तर गजाला आणखी चिकटले. इंग्रजी येणाऱ्या मुलीची ही गत, मग आपल्या राघूची काय? त्यांनी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी अंथरुणाची वळकटी मांडीवर घेऊन बसला होता.

कौसल्याचं नाव पुकारलं. ती आत गेली.

"टेक अ सीट," मेट्रनबाई म्हणाली.

कौसल्यानं हात जोडले. मास्तरांनी डोळे मिटले.

"टेक अ सीट," कौसल्या म्हणाली.

"टेक अ सीट!" खिडकीखालून आख्खी वस्ती म्हणाली.

मेट्रनबाई उठून खिडकीशी आली. खाली हात जोडून बसलेली माणसं, म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं. तिच्या भुवया वर गेल्या.

"हू आर दीज पीपल?"

"हू आर दीज पीपल!"

मास्तर दोन्ही हात हलवून लोकांना गप्प करू पाहत होते आणि लोकांना वाटत होतं, मास्तर मोठ्यानं म्हणा म्हणताहेत.

"सायलेन्स!"

"सायलेन्स!" वस्ती एकदाच म्हणाली आणि मग खरंच गप्प बसली. आतले डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांना वाटलं, समोरच्या विहिरीत जाऊन उडी टाकावी. पण समोर विहीरही नव्हती. सहा वर्षं मीच शिकवलं, मीच! ते मनातल्या मनात स्वतःला लाखोली वाहत होते.

कौसल्या खिडकीशी धावली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तानाबाई, तुह्या पाया पडते, तोंडावर पदर धर व! एक दिवस गप्प राह्यता येत नाई का तुमाले? हे माही परीक्षा हाय, तुमची नोहे!"

तानाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. कौसल्या परत गेली आणि खुर्चीत बसली. जे सांगितलं होतं ते तिनं केलं. आता हाकलतील, हे तिच्याही चेहऱ्यावर दिसत होतं, पण बसायला सांगितलं होतं म्हणून ती बसली होती, हात गुडघ्यांवर ठेवून.

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिली. मग एका दमात म्हणाली, "टेक धिस ग्लास अवे, टेक द टॉवेल ऑफ द हुक, अँड टेक द डॉक्टर्स पल्स."

 तीन टेक, तीन तऱ्हा, आणि तेही एकाला एक जोडून! कौसल्या उभी राहिली. तिनं ओठ घट्ट मिटले, मास्तरांनी सांगितलं होतं तसे. हात हलेनात. मास्तर गज धरून बघत होते. पोरगी खांबासारखी उभी. हात नाही, पाय नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं. मास्तर बोट ओठांवर ठेवणार होते, नेहमीसारखं. पण तिचे डोळे पाहून त्यांना ते जमलं नाही. आता व्हायचं ते होवो, असं म्हणून त्यांनी मान हलवली: म्हण बाई, म्हण.

"टेक धिस ग्लास अवे," कौसल्या म्हणाली. "टेक द टॉवेल ऑफ द हुक. अँड टेक द डॉक्टर्स पल्स."

खिडकीखाली सगळ्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. कौसल्यानं टेबलावरचा पेला उचलून कोपऱ्यातल्या मोरीवर नेऊन ठेवला. खुंटीवरचा टॉवेल काढला, हात पुसले. मग म्हाताऱ्या डॉक्टरांचं मनगट धरलं, तानाबाई बाळंतिणीचं धरायची तसं, हलकं पण पक्कं. डॉक्टरांनी हसू आवरून शहाण्या मुलासारखा हात पुढं केला.

मेट्रनबाईनं पुन्हा सांगितलं, आणखी काहीबाही, घाईत, मध्येच तोंड फिरवून. प्रत्येक वेळी पोरगी आधी म्हणायची, मग करायची. म्हणताना एकदा चुकली. तेव्हा मेट्रनबाईनं तिथंच तो शब्द दुरुस्त केला, आणि हात लागायच्या आधीच चूक निस्तरली.

"किसने सिखाया?" मेट्रनबाईनं विचारलं. "पहले बोलना, फिर हाथ लगाना?"

मास्तरांनी खिडकीपासून एक पाऊल मागं घेतलं. आता शिव्या.

"वार्ड में एक 'यस' से आदमी मरता है," मेट्रनबाई डॉक्टरांकडे वळून हिंदीतच सांगत होती, जणू भांडत होती. "मैं एक बोलती, लड़की दूसरा सुनती. जो सुना वो मुँह से वापस बोलो, मैं सुनूँ, फिर करो. साल-साल भर मेरा गला जाता है ये सिखाने में! बोलो, किसने सिखाया?"

मास्तरांनी नकळत टोपी सरळ केली.

"हमारी वस्तीनं," कौसल्या म्हणाली.

मास्तरांना एक क्षण वाईट वाटलं. इतके दिवस डिक्शनरी घेऊन डोकं फोडलं कोणी, आणि नाव कोणाचं! पण खाली पाहिलं तर तानाबाई पदराचा बोळा चावत त्यांच्याकडेच बघत होती, मास्तरनं तोंड उघडायची परवानगी दिली तर बरं, अशा नजरेनं. मास्तरांना हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आलं म्हणून ते तिच्यावर उगाचच डोळे वटारून उभे राहिले.

मेट्रनबाई कौसल्याला घेऊन ओसरीवर आली. तिनं त्या सगळ्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. "ये लड़की इधर रहेगी. आज से." आणि मग कौसल्याच्या खांद्यावर हात ठेवून, खालच्या आवाजात: "नाउ टेक लीव्ह ऑफ युवर पीपल."

"टेक लीव्ह..." कौसल्या म्हणाली. पुढं तिला म्हणता येईना.

वस्ती उभी राहिली होती. सगळ्यांना समजलं होतं. कालच शिकले होते. मास्तर वाट बघत राहिले. एवढे दिवस ज्यांची तोंडं बंद होत नव्हती त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. तानाबाईचे हात जोडलेले, पण ओठ मिटलेले. राहणाऱ्यानं गप्प बसावं, असं मास्तरांनीच सांगितलं होतं ना! ती शांतता मास्तरांना सोसवेना. यांना गप्प करण्यासाठी घसा फोडला, टोपी आपटली, आणि आता हे गप्प बसले तर छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय! म्हणा ना बाप्पा, काहीतरी म्हणा, असं त्यांना ओरडावंसं वाटलं. शेवटी त्यांनीच हात जोडले. आवाज पार बसला होता.

"टेक लीव्ह," मास्तर म्हणाले.

"टेक लीव्ह," वस्ती मागून म्हणाली, हळू, वंदनेच्या शेवटी म्हणतात तशी. तानाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

डोमाजी तेवढा बोलला नाही. तो तसाच उभा, वळकटी खांद्यावर घेऊन. मास्तरांना त्याही वेळी त्याचा राग आला. आज तरी, लेका, आज तरी एक शब्द! डोमाजी चार पावलं पुढं आला. आयुष्यभर लोकांची बोंदरी उतरवली त्या हातांनी त्यानं ती वळकटी खाली उतरवली, जपून, आत काही फुटेल की काय अशी, आणि लेकीपुढं धरली.

"टेक," डोमाजी म्हणाला.

कौसल्यानं बापाकडं पाहिलं. "टेक," तिनं आधी मागून म्हटलं, आणि मग वळकटी घेतली.